रिकामा उद्योग कोणाचा?

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या नांदगावात सर्वांत खुशीत असतो तो भंगारवाला. घरोघर माळे झाडले जातात, पलंगाखालच्या पेट्या ओढल्या जातात आणि ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून वर्षानुवर्षे जपलेल्या वस्तू एका सकाळी उंबऱ्याबाहेर येतात. यंदा लेंडी नदीच्या पुलाकडे जाताना अशाच एका हातगाडीवर, फुटक्या बादल्या, पंख्याची पाती आणि जुन्या गाईडांचे गठ्ठे यांच्यामध्ये मला एक एसटी दिसली. लाल रंगाची, पुठ्ठ्याची, हातभर लांब. मागे टपावर चढण्याची शिडी, पुढे काचेच्या वर गावाच्या पाटीची जागा, मागच्या बाजूला जोडचाके. मी थांबलो. ही गाडी मी पूर्वी पाहिली होती. इतकेच नव्हे, ती अडगळीत जाण्याला मीच कारण झालो होतो.

भंगारवाल्याने ती काट्यावर टाकली. पाऊण किलोला थोडी कमी भरली. ‘‘रद्दीच्या भावात घ्या सर, दहा रुपये द्या,’’ तो म्हणाला. मी दहा रुपये दिले, गाडी बगलेत मारली आणि घरी आलो. हा लेख त्या दहा रुपयांचा आहे.

आधी माझ्याविषयी थोडे सांगतो, म्हणजे मागाहून कोणी विचारायला नको की या विषयावर बोलण्याचा तुम्हाला अधिकार काय. अधिकार काही नाही. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही. कलाशिक्षकाची पदविका तेवढी पदरात पाडून घेतली आणि गेली वीस वर्षे मुलांना चित्रकला आणि हस्तकला शिकवतो आहे. रात्री कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंदे लोकांच्या मते रिकामेच. तेव्हा रिकाम्या उद्योगाची बाजू मी मांडायची नाही तर कोणी मांडायची?

आणि आरोप मी आडपडद्याने करणार नाही. आपण मराठी मध्यमवर्गीय माणसे हाताने काम करणाऱ्याला मनातून कमी लेखतो. तोंडाने श्रमप्रतिष्ठेवर भाषणे देतो. मात्र घरातला मुलगा कात्री, पुठ्ठा आणि डिंक घेऊन बसला की आपल्या कपाळाला आठी पडते. तोच मुलगा तितकाच वेळ मोबाइलवर मोटारींच्या शर्यती खेळत बसला तर आपण ‘बसू दे जरा, अभ्यास करून दमलाय’ म्हणतो. खेळातली मोटार आपल्याला चालते, कारण तिचा कचरा होत नाही! पुठ्ठ्याच्या मोटारीचे कपटे मात्र सतरंजीवर पडतात, आणि आपली सतरंजी आपल्याला मुलाच्या बुद्धीपेक्षा प्यारी असते.

आता त्या एसटीची हकीकत. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, हे वाचकांना आठवत असेलच. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील एसटीत ड्रायव्हर. पगार बंद, घरी चार माणसे, आणि मुलाचे दहावीचे वर्ष. ड्रायव्हर दिवसभर इतर संपकऱ्यांबरोबर बसून संध्याकाळी घरी यायचा आणि भिंतीकडे पाहत बसायचा. गाड्या डेपोत रांगेने उभ्या. आणि नेमक्या त्या उभ्या होत्या म्हणूनच या पोराला त्यांचे माप घेता आले. एरवी एसटी हातात टेप धरून मोजण्याइतकी स्वस्थ कधी उभी असते?

त्याने मोजली. लांबी सुमारे अकरा मीटर, रुंदी अडीच, चाकाची उंची मीटरभर. मग प्रत्येक मापाला चोविसाने भागले. लांबी आली सेहेचाळीस सेंटिमीटरच्या आत, रुंदी दहाच्या किंचित वर, चाक चार सेंटिमीटरच्या थोडे पुढे. जगभर मोटारींच्या प्रतिकृती करणारे लोक ज्या प्रमाणांत काम करतात त्यांतले एक प्रमाण चोविसावा भाग हेच आहे. पोराला हे कोणी सांगितले नव्हते. त्याच्याजवळच्या सर्वांत मोठ्या खोक्यात तेवढीच गाडी बसत होती, एवढाच त्याचा हिशेब!

पुठ्ठा बुटांच्या खोक्यांचा, आतली बाके लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची. खिडक्यांच्या काचा आजीच्या एक्स-रेची फिल्म धुऊन केलेल्या. आस सायकलच्या आऱ्याचे, चाके झिजलेल्या स्लिपरच्या रबराची, आणि पुढच्या दिव्यांना गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. बाजारातून विकत आणला होता तो फक्त लाल रंग.

एके दिवशी वडील मला बोलवायला आले. ‘‘सर, तुमचं ऐकतो तो. दहावीचं वर्ष आहे, घरात असं चाललंय आन् हे पोरगं खोकी कापत बसतंय. तुम्हीच सांगा त्याला.’’ मी गेलो. गाडी पाहिली. खरे सांगतो, पाहून मला हेवा वाटला. माझ्या हातून तेवढे सुबक काम झाले नसते. पण मी मास्तर म्हणून गेलो होतो, माणूस म्हणून नव्हे. मी घसा साफ केला आणि म्हणालो, ‘‘हे बघ, हे सगळं दहावीनंतर. आधी मार्क.’’ तो म्हणाला, ‘‘सर, फक्त स्टेअरिंग राहिलंय.’’ मी म्हणालो, ‘‘तेही दहावीनंतर.’’

गाडी माळ्यावर गेली. मुलगा दहावी पास झाला. मार्क बेताचेच पडले. गाडी पुरी केली असती तर याहून कमी पडले असते असे मला आज वाटत नाही. आता तो विशीत आहे. बी.ए. करतो म्हणतात, आणि पहाटे पोलीसभरतीसाठी पळतो. पळू दे, पोलीस होणे वाईट नाही. परंतु अकरा मीटरांची गाडी खोक्यात बसवणारा हात आणि डोळा ज्या मुलाला होता, त्याला आम्ही कोणी, त्याच्या मास्तराने, बापाने, शाळेने, ‘तुझ्याजवळ हे आहे’ एवढेसुद्धा सांगितले नाही. सांगितले ते हे, की हा रिकामा उद्योग आहे.

रिकामा? तर मग ऐका. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. आमच्या नांदगावाहून काही फार लांब नव्हे. १९७४ साली तेथे एका माणसाला झुडपाचे मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. मिळून वजन साठ किलोंच्या वर. हत्ती, गेंडा, रेडा, आणि चौथी वस्तू म्हणजे दोन बैल जुंपलेला दोन चाकांचा रथ, त्यावर उभा असलेला हाकणारा. लांबी पंचेचाळीस सेंटिमीटर, रुंदी सोळा. म्हणजे माझ्या बगलेतल्या एसटीएवढीच लांब! अभ्यासक तिचे वय साडेतीन-चार हजार वर्षे मानतात. ती देवासाठी केली की मिरवणुकीसाठी, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. मला दिसतो तो एक कारागीर. ज्याच्या डोळ्यासमोर रस्त्याने जाणारी खरी गाडी होती आणि ज्याने ठरवले, की ही मी हातभर लांबीत पकडणार. त्याच्याही घरी कोणीतरी म्हणाले असेल, की शेतात कामे पडली आहेत आणि हा बघा! त्याने ऐकले नाही म्हणून आज महाराष्ट्राला दाखवायला तो रथ आहे. माझ्या विद्यार्थ्याने ऐकले.

दुसरी गाडी आपल्या सर्वांच्या परिचयाची, शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तली. देवलांनी ते नाटक मराठी रंगभूमीवर आणले आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी त्यातली पदे गुणगुणली. त्या नाटकाला नाव मिळाले ते एका खेळण्यावरून. शेजारच्या श्रीमंताच्या मुलाजवळ सोन्याचा गाडा, चारुदत्ताचा रोहसेन त्यासाठी रडतो, म्हणून रदनिका दासी त्याला मातीचा गाडा करून देते. पोर काही ऐकत नाही. तेव्हा वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाड्यात घालते आणि म्हणते, यांचा सोन्याचा करून घे. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. माझेही पाणावत. पण हल्ली मला वसंतसेनेचा राग येतो. सबंध नाटकात एका माणसाने रदनिकेला विचारले नाही, की बाई ग, हा गाडा तू इतक्या झटपट केलास कसा? चाके फिरतात का? रोहसेनाला कोणी म्हटले नाही, की चल, मातीचा दुसरा आपण दोघे मिळून करू. दागिने काढून देणे सोपे. मुलाशेजारी मातीत बसणे कठीण. आपण सारे या दिवाळीत वसंतसेनाच आहोत. फक्त दागिन्यांच्या जागी कार्ड पुढे करतो.

आणि गंमत पाहा. ज्या अमेरिकेकडे आपण मोटारींसाठी डोळे लावून बसतो, तेथे १९२७ पासून जनरल मोटर्स कंपनीत हार्ली अर्ल नावाच्या गृहस्थाने नव्या मोटारीचा आकार आधी मातीत घडवून पाहण्याची रीत रूढ केली. ती रीत जगभरच्या कारखान्यांत गेली आणि संगणक आले तरी मोडली नाही. म्हणजे कोट्यवधींचा कारखानदार लोखंडाला हात लावण्याआधी काय करतो? मातीचा गाडा! रदनिकेचा उद्योग तो पगार देऊन करवून घेतो, आणि आपण तोच उद्योग मुलाच्या हातून काढून घेतो.

त्याच कंपनीच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ अशी जवळजवळ चाळीस वर्षे मुलांसाठी एक स्पर्धा चालवली. आरंभी नेपोलियनच्या काळातील घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृती करावी लागे. पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार छोट्या आकारात घडवावी लागे. बक्षीस काय, तर कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च. त्या मुलांतले कितीतरी पुढे मोटारींचे आराखडे काढणारे झाले. कारखानदारांनी हे धर्मादाय म्हणून केले असे मी म्हणत नाही. त्यांना ठाऊक होते की चांगला हात परीक्षेच्या पेपरात सापडत नाही. तो टेबलावर मांडलेल्या वस्तूत सापडतो.

इंग्लंडात लिव्हरपूलला फ्रँक हॉर्नबी नावाचा एक कारकून होता. मांस आयात करणाऱ्या पेढीत हिशेब लिहायचा. आपल्या मुलांसाठी त्याने भोके पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या केल्या, १९०१ साली त्यांचे पेटंट घेतले, आणि त्यातून मेकॅनो निघाले. त्याच्याच कारखान्यातून १९३४ साली ‘डिंकी’ मोटारी बाहेर पडल्या. त्या मोटारींचे त्रेचाळिसावा भाग हे पुढे रूढ झालेले चमत्कारिक प्रमाण कोठून आले ठाऊक आहे? खेळण्यातल्या आगगाडीवरून! एका फुटाला सात मिलिमीटर या मापाच्या आगगाडीशेजारी शोभतील अशा त्या मोटारी. जपानात शिझुओका शहरी १९४६ साली तामिया नावाच्या माणसाने लाकडाचा धंदा काढला. पुढे त्या लाकडातून खेळण्यांचे नमुने झाले, मग प्लॅस्टिकचे, आणि आज जगभरचे हौशी लोक ते नाव आदराने घेतात. कारकुनाच्या आणि वखारवाल्याच्या घरात जे होऊ शकले ते ड्रायव्हरच्या घरात का होऊ नये?

येथे कोणी सद्गृहस्थ म्हणतील, ‘‘आमच्याकडे दिवाळीत मुले किल्ला करतातच की!’’ करतात, आणि मला त्याचा आनंद आहे. किल्ला हीसुद्धा प्रतिकृतीच. पण जरा जवळ जाऊन पाहा. मावळा दरवाजापेक्षा उंच, वाघ बुरुजाएवढा, आणि महाराजांच्या सिंहासनाशेजारी प्लॅस्टिकचा क्रिकेटपटू! लहान मुलांनी असे केले तर ते गोडच दिसते. परंतु चौदा वर्षांच्या मुलाला ‘राजगडाची बालेकिल्ल्याची उंची किती, तुझा गड कितवा भाग, मग तुझा मावळा किती मिलिमीटरचा हवा?’ असे कोण विचारतो? कोणी नाही. कारण किल्ला चार दिवसांनी मोडायचा असतो, म्हणून तो आपल्याला चालतो. आणि हल्ली तर तयार किल्लेही विकत मिळू लागले आहेत. अंगणात ठेवा, पणती लावा, फोटो काढा!

आता शाळांकडे वळतो. माझ्या भाकरीवर पाणी पडले तरी हरकत नाही. १९३७ साली वर्ध्याला, याच महाराष्ट्रात, गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची योजना देशापुढे मांडली. तिचे आपण काय केले? ‘कार्यानुभव’ नावाचा एक तास वेळापत्रकात ठेवला आणि तो गणिताच्या मास्तरांना उसना दिला. वर्षअखेर मुले दुकानातून तयार प्रकल्प आणतात, आम्ही शेरा देतो, आणि सगळे सुखी. एका विज्ञान प्रदर्शनाला (गाव आणि शाळा सांगत नाही) मी परीक्षक होतो. पहिले बक्षीस ज्या चकचकीत प्रतिकृतीला मिळाले, तिच्या तळाला दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती. मी ती इतर परीक्षकांना दाखवली. ते म्हणाले, ‘‘अहो सर, फिनिशिंग बघा ना!’’ फिनिशिंग! मी मुकाट्याने सही केली. तेव्हा दोष त्यांना एकट्यांना देता येत नाही.

उलट अभिमानाच्या बाबतीत आपण कोणाला हार जाणार नाही. दरवर्षी मोबाइलवर मजकूर फिरतो, की राइट बंधूंच्या आधी, १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले. त्या उड्डाणाला विश्वासार्ह असा समकालीन पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’च्या नावाने आपण छाती फुगवतो, त्यातील विमाने उडू शकत नाहीत हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली तपासून दाखवले. माझे भांडण तळपद्यांशी नाही. त्यांनी निदान काही जोडून पाहण्याचा ध्यास घेतला. माझे भांडण आहे ते मजकूर पुढे ढकलणाऱ्याशी. हा गृहस्थ सोफ्यावर बसून पूर्वजांचे विमान उडवतो, आणि त्याच खोलीत त्याचा मुलगा पुठ्ठ्याचा पंख कापू लागला की ‘पसारा आवर आधी’ म्हणून ओरडतो. पूर्वज हवेत, पोरगा क्लासात!

ज्यांचा अभिमान धरावा असे हात आपल्यात नव्हते का? लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला निघाले होते. रंग ओळखण्यात डोळ्यांनी दगा दिला म्हणून यंत्रांच्या आकृत्यांकडे वळले, १८८८ साली बेळगावला सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगरापर्यंत गेले. वालचंद हिराचंदांनी कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभा केला आणि त्याच्या ‘पद्मिनी’ने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकरांना टॅक्सीतून नेले, ती टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून कायमची गेली. आमच्या नाशकात महिंद्रांच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडतात. शेजारी मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात पुलांचे गर्डर घडतात. एसटीने तर १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली फेरी केल्यापासून दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील स्वतःच्या कार्यशाळांत गाड्यांचे सांगाडे उभारले. घडवणारे हात आपल्या शेजारीच राहतात. आपण मुलांना तेथे नेतो का? सहल म्हणजे वॉटर पार्क!

आता आक्षेपांची उत्तरे देतो, म्हणजे पत्रे लिहिणाऱ्यांचा टपालखर्च वाचेल.

पहिला आक्षेप : याने गणित-विज्ञान मागे पडते. मी माझ्या नववीच्या वर्गाला एकदा विचारले, की एसटीची चोविसाव्या भागाची प्रतिकृती केली तर रंग खऱ्या गाडीच्या कितवा भाग लागेल? वर्ग एका आवाजात म्हणाला, चोविसावा. चूक! लांबीही चोविसावा भाग होते आणि रुंदीही. म्हणून रंग लागतो पाचशे शहात्तरावा भाग. आणि आकारमान? चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे तेरा हजार आठशे चोविसावा भाग. रिकामी एसटी दहा टनांची धरली तर त्या हिशेबाने प्रतिकृती सातशे-सव्वासातशे ग्रॅमची हवी. भंगारवाल्याच्या काट्यावर ती पाऊण किलोला थोडी कमी भरली होती! वजन जुळले हा योगायोगच. पण वर्ग, घन आणि प्रमाण ही तिन्ही प्रकरणे त्या गाडीत बसली आहेत, आणि हाताने एकदा कापून पाहिलेला मुलगा ती जन्मात विसरत नाही.

दुसरा आक्षेप : हा श्रीमंतांचा शौक आहे. परदेशी जोडणीचे संच हजारो रुपयांना मिळतात हे खरे. ज्यांना परवडतात त्यांनी ते जरूर जोडावेत. त्यातही हात आणि धीर लागतो. मला चीड येते ती तयार मोटारी विकत घेऊन, पाकीट न उघडता भिंतीवर टांगणाऱ्यांची. उघडले की म्हणे किंमत उतरते! ज्या खेळण्याशी खेळायचे नाही आणि जे आपण केलेलेही नाही, ते जवळ बाळगणे याला मी तरी शौक म्हणत नाही. आमच्या शिवारात मुले ज्वारीच्या ताटाची साल सोलून, आतल्या भेंडाला टोचून बैलगाडी करीत. तिला एक पैसा लागत नसे. पोळ्याला मातीचे बैल घरोघर होत. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला चाकांवरचे लाकडी बैल मिरवतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी घडतात. गरिबी आडवी आलेली नाही. आपली लाज आडवी आली आहे. सरकारने परदेशी खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० साली वीसवरून साठ टक्के केले आणि २०२३ साली सत्तर. कुंपण झाले. पण कुंपणाच्या आत पेरायचे कोणी?

तिसरा आक्षेप माझ्या लेखक मित्रांचा : ही नुसती नक्कल, यात निर्मिती कुठे? मित्रांनो, एकदा करून पाहा. खऱ्या गाडीवरचा सहा मिलिमीटरचा रिबिट चोविसाव्या भागात पाव मिलिमीटरचा होतो. तो दाखवायचा की सोडायचा? काय सोडले म्हणजे गाडी गाडीसारखी दिसेल? कादंबरीत मी याहून वेगळे काय करतो? सबंध गाव दोनशे पानांत बसवताना हजार गोष्टी टाकाव्या लागतात, आणि एक नको ती टाकली तर गाव मरते. फरक एवढाच, की माझ्या कादंबरीचे चाक फिरले नाही तर मी टीकाकाराला अडाणी म्हणू शकतो. पुठ्ठ्याच्या गाडीचे चाक फिरले नाही तर फिरले नाही. तेथे शब्दांनी बचाव होत नाही. ही शिस्त आम्हा लेखकांना लागली तर मराठी साहित्याचे नुकसान होणार नाही.

चौथा आक्षेप मात्र मला घरातच ऐकावा लागला, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. फिशरच्या स्पर्धेविषयीचा मजकूर मी सौभाग्यवतीला वाचून दाखवला. ती करंज्यांची मुरड घालत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘त्यात मुली होत्या का?’’ नव्हत्या, ती स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. ‘‘आणि तुमच्या हस्तकलेच्या तासाला मुली काय करतात?’’ मी म्हणालो, ‘‘तोरणं, भेटकार्डं…’’ ‘‘मग तुम्ही कुणावर रागवताय?’’ ती म्हणाली आणि पुढची करंजी घेतली. थोरलीने तेवढ्यात एसटी उचलून डोळ्यांजवळ धरली होती. ‘‘बाबा, याला स्टेअरिंगच नाही,’’ ती म्हणाली.

तेव्हा माझे मागणे मी सरळ मांडतो. घरातल्या आईबापांनी या सुट्टीत मुलांना, मुलगा असो वा मुलगी, एक स्टीलची पट्टी, एक कटर, फेव्हिकॉलची बाटली आणि घरातली खोकी द्यावीत, आणि घरातला एक कोपरा पंधरा दिवस झाडू नये. मोबाइल घ्यायचा असेल तर माप घेण्यापुरता फोटो काढायला द्यावा. शाळांनी कार्यानुभवाचा तास गणिताकडून परत मागून घ्यावा, आणि प्रदर्शनात विकत आणलेल्या वस्तूला बक्षीस देणाऱ्या परीक्षकाला, मग तो मी का असेना, पुढच्या वर्षी बोलावू नये. आणि काय करायचे ते परदेशी मासिकात शोधू नये. रस्त्यावर पाहावे. एके काळी वेरूळची लेणी पाहायला येणारे प्रवासी आमच्या नांदगाव स्टेशनावर उतरत आणि टांग्याने पुढे जात. तो टांगा आज कोणाला पाहायला मिळतो? दमणी, टांगा, काळीपिवळी पद्मिनी, शिडीची एसटी. ज्या गाड्या गेल्या किंवा जाऊ लागल्या, त्यांची मापे घेऊन ठेवणारे कोणी तरी हवे. सरकार ठेवणार नाही. मुले ठेवू शकतील.

परवा पहाटे मी मैदानावर गेलो. तो पळत होता. मला पाहून थांबला, वाकला. मी म्हणालो, ‘‘तुझी एसटी माझ्याकडे आहे.’’ तो ओशाळला. ‘‘आईनं काढली सर. घरात जागाच नव्हती.’’ थोडा दम घेतला आणि मग विचारले, ‘‘मागचं डावीकडचं चाक अजून अडकतंय का? तिथं वॉशर टाकायचा होता.’’

चार वर्षे होत आली. चाक कोणते अडकते ते त्याच्या ध्यानात आहे. दहावीच्या पेपरातला एक तरी प्रश्न त्याच्या ध्यानात असेल का, वाचकांनीच ठरवावे. मी त्याला म्हणालो, मी तुला चुकीचे सांगितले होते. तो काही बोलला नाही. बहुधा मास्तराने असे म्हणण्याची त्याला सवय नसावी. शनिवारच्या माझ्या तासाला येऊन मुलामुलींना माप कसे घ्यायचे ते दाखवशील का, असे मी विचारले. ‘‘भरती झाल्यावर बघू सर,’’ तो म्हणाला आणि पुन्हा पळू लागला.

‘दहावीनंतर’ हे माझेच उत्तर त्याने मला परत केले होते. मी मात्र वाट पाहणार नाही. पुढच्या शनिवारी गाडी वर्गात नेणार आहे. स्टेअरिंग मी बसवणार नाही, ते त्याचे आहे; पण वॉशर कोणी तरी टाकायलाच हवा, आणि थोरलीने कालच तो माझ्याकडे मागितला आहे.